सुश्रुत कारखानीसचं हेल्मेट

मित्रांनो, एका माणसाचं डोकं सांभाळायचं, एवढं एकच काम ज्याला आयुष्यात नेमून दिलं होतं, असं मी एक जुनं हेल्मेट आहे. स्कूटरवर घालतात तसलं नव्हे. अमेरिकन फुटबॉल नावाचा एक दांडगा खेळ आहे. नाव फुटबॉल, पण चेंडू लंबगोल, आणि तोही बहुतेक वेळ हातातच. त्या खेळातलं मी हेल्मेट.

माझा जन्म १९९९ साली अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात घातलं, थंड केलं, भोकं पाडली. मग माझ्या आत मऊ गाद्या बसवल्या. कपाळाला एक, कानांपाशी दोन, मागे मानेजवळ एक आणि टाळूला टेकायला हवेची छोटी पिशवी. तोंडासमोर लोखंडी जाळी आली, हनुवटीला पट्टा आला. शेवटी एका यंत्राने माझ्यावर भलंमोठं वजन आपटून पाहिलं. मी फुटलो नाही. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मला वाटलं, माझ्या आत ज्याचं डोकं येईल, त्याला आता जगात कशाची भीती नाही.

पुढच्या वर्षी मी खोक्यात बसून इंग्लंडला आलो. उत्तर लंडनमधला एक हौशी क्लब रग्बीच्या मैदानावर रविवारी हा खेळ खेळायचा. तिथला कोच ग्लेनरॉय. आईवडील जमैकाचे, स्वतः जन्माने लंडनचा, आणि आठवडाभर लाल बस चालवायचा. त्याने खोकं फोडलं, मला उचललं आणि समोर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डोक्यावर चढवलं.

"फारच घट्ट आहे," आतून आवाज आला.

"घट्टच हवं," ग्लेनरॉय म्हणाला. "सैल हेल्मेट म्हणजे नुसती टोपी."

तो तरुण म्हणजे सुश्रुत कारखानीस. घर लंडनच्या पिनर उपनगरात. वडील जयंतराव सांगलीहून इंजिनिअर होऊन आलेले आणि पंचवीस वर्षं कौन्सिलच्या एकाच ऑफिसात एकाच खिडकीपाशी बसलेले. आई मधुमतीबाई शेजारच्या हॅरोच्या लायब्ररीत कामाला. सुश्रुत युनिव्हर्सिटीत फार्मसी शिकत होता. शाळेत असताना शंभर मीटरमध्ये त्याला कोणी गाठू शकत नसे, म्हणून ग्लेनरॉयने त्याला रनिंग बॅक केलं. रनिंग बॅक म्हणजे काय, सांगतो. चेंडू पोटाशी घट्ट धरायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत फट शोधत धावत सुटायचं. ते अकराही जण त्यालाच पाडायला टपलेले असतात. संघात सगळ्यात जास्त टाळ्या त्याला मिळतात आणि सगळ्यात जास्त मारही तोच खातो.

चेंडू हातात पडायच्या आधी सुश्रुत स्वतःशीच पुटपुटायचा, "चल, चल, चल." मराठीत. ते फक्त मला ऐकू यायचं. मग त्याचा गरम श्वास जाळीतून भसाभसा बाहेर पडायचा, आणि आम्ही दोघं निघायचो.

घरी मात्र सुरुवातीला थट्टाच झाली. जयंतरावांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा वर करून ते म्हणाले, "हातांनी खेळायचं आणि फुटबॉल म्हणायचं! आणि डोक्यावर हे काय, पातेलं?"

पण हे पातेलं पुढे फार लांब जायचं होतं. ग्लासगोला तेव्हा एक व्यावसायिक संघ होता. युरोपातल्या पाच-सहा शहरांतल्या संघांची ती लीग होती, बहुतेक खेळाडू अमेरिकेहून आलेले. काही जागा इथल्या खेळाडूंसाठी ठेवलेल्या. २००२ साली त्या जागांसाठी शंभरावर लोक चाचणीला आले, आणि निवडलेल्यांत सुश्रुत होता. तिथे नवीकोरी हेल्मेटं मिळत होती. सुश्रुत म्हणाला, "मला माझंच हवं." मग मला घासून, गडद निळा रंग देऊन पाठीवर पंचवीस आकडा लावला. त्या दिवशी माझ्याइतकं सुखी हेल्मेट साऱ्या स्कॉटलंडमध्ये नसेल.

पहिला मोसम आम्ही बाकावरच काढला. दुसऱ्या मोसमात संघाच्या मुख्य रनिंग बॅकचा गुडघा निखळला आणि कोचने वळून सुश्रुतकडे बोट दाखवलं. मैदान चिखलाने भरलेलं. पहिल्या दोन वेळा आम्ही तोंडावर आपटलो. तिसऱ्या वेळी "चल, चल, चल" झालं आणि भिंतीत डाव्या बाजूला दाराएवढी फट दिसली. तिच्यातून सुश्रुत निसटला तो साठ यार्ड धावत सुटला. मागे कोणाचा हात माझ्यावरून घसरला, पुढे मोकळं हिरवं मैदान, मग शेवटची रेघ ओलांडली आणि टचडाउन, म्हणजे त्या खेळातला गोल! लाउडस्पीकरवर कोणीतरी "कार्कॅनिस! कार्कॅनिस!" असं ओरडत होता, आणि हजारो माणसं ते नाव तसंच चुकीचं घेत होती.

जयंतराव त्या दिवशी लंडनहून रेल्वेने आले होते. सामना संपल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं आणि स्वतःच्या इस्त्रीच्या रुमालाने माझ्यावरचा चिखल पुसला. त्यांचे डोळे भरले होते.

तेव्हापासून माणूसच बदलला. वर्तमानपत्रांतली कात्रणं वहीत चिकटवू लागला. लंडनमधल्याच एजवेअरच्या हॉलमध्ये गणपतीला जमलेले मराठी लोक विचारायचे, "काय कारखानीस, चिरंजीव काय म्हणतात?" आणि ज्यांना आजवर कोणी दोन प्रश्नांच्या वर तिसरा विचारला नव्हता, ते जयंतराव प्रसादाची वाटी हातात तशीच धरून अर्धा तास बोलत उभे राहायचे. त्यांची ओळखच आता 'सुश्रुतचे वडील' अशी झाली होती, आणि ती त्यांना स्वतःच्या नावापेक्षा गोड लागत होती.

माझ्यावर आता ओरखडे उमटू लागले. लाल रंगाचा ओरखडा एका जर्मन संघाचा, पिवळा दुसऱ्या कोणाचा. खेळाडू ते बोटांनी मोजून हसायचे. मीही ते पदकांसारखे मिरवायचो.

मग एका सामन्यात एक धिप्पाड गडी समोरून आला आणि त्याचं हेल्मेट सरळ माझ्यावर आदळलं. मला काही झालं नाही. साधा टवकाही उडाला नाही. पण सुश्रुत उठला आणि चालत जाऊन चक्क विरुद्ध संघाच्या घोळक्यात उभा राहिला. सगळे हसले. त्यालाही हसू आलं. फक्त मला हसू आलं नाही, कारण मी आत होतो. त्याची नजर ठरत नव्हती, त्याचं कपाळ माझ्या गादीवर जड होऊन पडलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की मी न फुटणं वेगळं आणि डोकं न दुखावणं वेगळं. मित्रांनो, कवटीच्या आत मेंदू असतो आणि धडक बसली की तो आतल्या आत हिंदकळतो. तिथे माझ्या गाद्या पोचत नाहीत.

डॉक्टरांनी बाजूला घेऊन त्याला विचारलं, स्कोअर किती झाला? शेजारच्या खेळाडूने तो हळूच कानात सांगितला. सुश्रुतने तो मोठ्याने सांगितला. आम्ही पुन्हा मैदानात गेलो.

त्या उन्हाळ्यात आम्ही पिनरला आलो होतो. भर दुपारी स्वयंपाकघराचे पडदे ओढून सुश्रुत टेबलावर डोकं टेकून बसला होता. मी शेजारच्या खुर्चीवर. मधुमतीबाई लायब्ररीतून आल्या.

"काय रे, अंधारात का बसलायस?"

"आई, माझा डोकं दुखतो."

"माझं डोकं दुखतं," त्या सवयीने म्हणाल्या. इथे जन्मलेल्या मुलाचं मराठी त्या अशाच सुधारत आल्या होत्या. मग त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि माझ्या आत चिकटवलेली बारीक अक्षरांतली सूचना वाचली. वाचता वाचता त्या थांबल्या.

"सुश्रुत, यात लिहिलंय की कुठलंही हेल्मेट डोक्याची इजा थांबवू शकत नाही."

"आई, ते सगळ्यांवर लिहिलेला असतो. लॉयर्ससाठी."

"लिहिलेलं असतं." त्या म्हणाल्या. "आणि मला इथे लॉयर दिसत नाही. मला तू दिसतोयस."

जयंतराव दारात येऊन उभे राहिले होते. "अहो, तुम्ही तरी सांगा त्याला," त्या म्हणाल्या.

"अगं, एक-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," जयंतराव म्हणाले. "मग आहेच की फार्मसी. गोळ्या कुठे पळून जातायत?"

मधुमतीबाईंनी मला खुर्चीवर ठेवलं. जोरात नाही. पण त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावला नाही.

आता मी जे सांगणार आहे, ते माझ्याखेरीज एकाच माणसाला माहीत होतं.

२००४ चा जून महिना. मोसमातला शेवटचा सामना रविवारी होता. अमेरिकेतल्या मोठ्या संघांची माणसं तो बघायला येणार होती आणि त्यांच्या यादीत सुश्रुतचं नाव होतं. शुक्रवारी सरावात त्याला पुन्हा धडक बसली. शनिवारी दुपारी जयंतराव त्याच्या ग्लासगोच्या फ्लॅटवर पोचले, मधुमतीबाईंनी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. मी टेबलावर होतो. सुश्रुतने लाडू हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

"बाबा, मला बरा नाही वाटत. लाइट बघवत नाही. कालपासून सगळा असा... हलतोय."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"सांगितला तर ते मला खेळू देणार नाहीत."

जयंतराव उठले. खिडकीपाशी गेले. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोला, बोला. अहो, तुम्ही बाप आहात त्याचे, सांगा त्याला की नको खेळूस. पण हेल्मेटला तोंड नसतं, नुसती जाळी असते.

ते वळले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, एकच गेम आहे. उद्याचा दिवस काढ. मग महिनाभर झोप, कोणी उठवणार नाही तुला."

त्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता, मित्रांनो. पंचवीस वर्षं एका खिडकीपाशी बसलेल्या माणसाला मुलासाठी दार उघडलेलं दिसत होतं. ते बंद व्हायला नको, एवढंच त्यांना वाटलं.

रविवारी लख्ख ऊन होतं. पूर्वार्धात सुश्रुतला एक धडक बसली. तो उठला. "चल, चल, चल" म्हणायचं तो विसरला, तेव्हाच मी घाबरलो. उत्तरार्धात चेंडू त्याच्या हातात आला. तो फट शोधत होता, पण त्याला ती दिसत नव्हती. दोघे दोन बाजूंनी आले. कट्ट असा आवाज झाला आणि उजव्या कानाच्या वर मी तडकलो. इतकी वर्षं न फुटल्याचा गर्व केला, आणि फुटलो तेव्हा त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

सुश्रुत उताणा पडला होता. डोळे उघडे होते. अमेरिकन डॉक्टर गुडघ्यावर बसून त्याला एकेक प्रश्न विचारत होते आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. डॉक्टरांना ते कळेना. इतक्यात कुंपण ओलांडून जयंतराव धावत आले.

"काय म्हणतोय तो?" डॉक्टरांनी विचारलं.

जयंतरावांनी कान जवळ नेला. सुश्रुत म्हणत होता, "आई, लाइट बंद कर ना."

भर उन्हात, हजारो लोकांसमोर, जयंतरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. मग ते तिथेच गवतावर बसले.

सुश्रुत वाचला. पण जो घरी आला तो अर्धा होता. कडक प्रकाश सहन होईना. गर्दीत घाम फुटायचा. बोलता बोलता एखादा साधा शब्द हातातून सुटून जायचा, आणि तो शोधत तो तसाच उभा राहायचा. त्या सगळ्या आठवड्याची आठवण तर पार पुसली गेली होती. वर्षभराने तो एका केमिस्टच्या दुकानात कामाला लागला. तिसऱ्या आठवड्यात दोन आजीबाईंच्या औषधांची लेबलं त्याने अदलाबदल करून लावली. शेजारी काम करणाऱ्या बाईच्या वेळीच लक्षात आलं, कोणाला काही झालं नाही. पण त्याच संध्याकाळी त्याने पांढरा कोट घडी करून दुकानात परत दिला. मग एका नर्सरीत सकाळचे तीन तास रोपांना पाणी घालायचं काम मिळालं. तेवढं झेपायचं.

"आई, दूध संपला," असं तो म्हणे, तेव्हा मधुमतीबाई म्हणत, "हो रे राजा, आणते." त्यांनी त्याचं मराठी सुधारणं सोडून दिलं होतं.

आणि तो स्वतः म्हणायचा, "माझीच चूक. मी कोणालाच सांगितला नाही. लपवला." फोनवर, जेवताना, पाहुण्यांसमोर. दर वेळी जयंतराव ताटाकडे बघत बसायचे.

मी आधी बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात होतो. एक दिवस जयंतरावांनी मला गॅरेजमध्ये नेऊन रंगाच्या डब्यांमागे ठेवलं. तिथे मला चार वर्षं झाली. गाद्या कडक झाल्या, जाळीला गंज चढला, आत कोळ्याने घर केलं. एकदा जयंतराव एकटेच आले. शिडीच्या पायरीवर बसले, मला मांडीवर घेतलं आणि भेगेवरून अंगठा फिरवत राहिले.

"तू तरी..." ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला ते समजलं. मीही त्यांना मनात तेच म्हणत होतो.

२००९ च्या वसंतात ग्लेनरॉय घरी आला. केस पिकले होते, गुडघे धरून चालत होता. गॅरेजच्या दाराशी उभा राहून तो सुश्रुतला म्हणाला, "क्लबात नवीन पोरं आलीयत. लागलं तरी एकही सांगत नाही. तू येऊन बोलशील त्यांच्याशी?"

"कोच, माझं वाक्य पुरं होत नाही."

"मग अर्धं बोल." ग्लेनरॉय म्हणाला. "ते हेल्मेट तुझ्या डोक्यावर मी चढवलं होतं. मलाही झोप लागत नाही रे."

रविवारी सकाळी सुश्रुत काळा चष्मा लावून मैदानावर उभा राहिला. मी त्याच्या हातात. समोर ओल्या गवतावर पस्तीस-चाळीस खेळाडू बसले होते. मागे गाडीपाशी मधुमतीबाई, आणि त्याच्या शेजारी, शब्द अडला तर द्यायला, जयंतराव. सुश्रुतने माझी भेग दाखवली. काय काय झालं ते तो सांगत गेला. अडखळला की जयंतराव हळूच शब्द पुरवायचे, आणि तो पुढे जायचा.

"माझी चूक ही, की मी कोणालाच..." सुश्रुत थांबला. शब्द सापडेना. त्याने वडिलांकडे पाहिलं.

जयंतरावांनी शब्द दिला नाही. सगळे वाट बघत होते. 

"नाही," शेवटी ते इंग्रजीत म्हणाले. "हे खरं नाही. त्याने सांगितलं होतं. आदल्या दिवशी, मला. आणि मी म्हणालो, एकच गेम आहे."

 सुश्रुतने चष्मा काढला. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं तरी तो वडिलांकडे बघत राहिला.

"मी सांगितला होता?" त्याने मराठीत विचारलं.

"सांगितलं होतंस, बाळा."

"मग मी लपवला नव्हता."

"नाही रे. लपवलं मी. पाच वर्षं."

सुश्रुत खाली बसला आणि मला पोटाशी धरून रडला, लहान मुलासारखा, मोठ्याने. पाच वर्षं तो स्वतःला खोटारडा समजत आला होता. जयंतराव जवळ जायला निघाले, पण मधुमतीबाई त्यांच्या आधी पोचल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. परतताना त्या मागच्या सीटवर मुलाचा हात धरून बसल्या, आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्या घरात दोन माणसं एकमेकांशी चहाला विचारण्यापुरतीच बोलली. सगळं नीट झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. सुश्रुतचे हरवलेले शब्द परत आले नाहीत. फक्त "माझीच चूक" हे दोन शब्द तो आता म्हणत नाही.

मला पुन्हा कोणी घालणार नाही, आणि ते बरंच आहे. मी क्लबाच्या बाकावर असतो. माझ्या शेजारी दर रविवारी जयंतराव बसतात. कोणी धडकून बाहेर आला की ते उठतात, त्याच्या समोर उभे राहतात आणि विचारतात, "डोकं कसं आहे?" "ठीक आहे" हे उत्तर ते पहिल्या फटक्यात घेत नाहीत. पुन्हा विचारतात. खेळाडू वैतागतात. एकाने परवा त्यांना शिवीही दिली. मग खाली बसून तो म्हणाला, "गेल्या रविवारपासून दुखतंय."

मित्रांनो, दुखत असेल तर सांगा. संघ हसेल, संधी जाईल, तरी सांगा. आणि उद्या तुम्ही मोठे झालात, कोणाचे आई, बाबा, कोच झालात, आणि तुमच्यासमोर कोणी लाडू हातातून खाली ठेवून म्हणालं की मला बरं वाटत नाही, तर खिडकीकडे जाऊ नका. त्याच्याजवळ बसा.